अंबाजोगाई : दगडावर, पोथीत आणि कापडावर लिहिलेला इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे एका गावाचा इतिहास. गाव अंबाजोगाई, जिल्हा बीड. आता अंबाजोगाईला 'गाव' म्हटलं तर तिथली मंडळी रागावतील. तालुक्याचं ठिकाण आहे, नगरपरिषद आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि स्वतंत्र जिल्हा व्हावा ही मागणीही फार जुनी आहे. पण मुंबईत जन्म काढलेला माणूससुद्धा सुट्टीत 'गावाला' जातो. त्या अर्थानं गाव.

कुठल्याही गावात जाऊन इतिहास विचारला की तीन प्रकारची माहिती हाती येते. पहिली सांगितलेली. आजीनं, पुजाऱ्यानं, कीर्तनकारानं सांगितलेली. दुसरी मानलेली. गावानं पिढ्यानपिढ्या धरून ठेवलेली, पण अभ्यासकांचं जिच्यावर एकमत झालेलं नाही अशी. आणि तिसरी लिहिलेली. तिच्यावर शक असतो, नाव असतं, कोणाच्या तरी हाताचं अक्षर असतं. तिन्ही आपापल्या जागी मोलाच्या आहेत. घोटाळा होतो तो तिन्ही एकाच पोत्यात भरल्यामुळे. अंबाजोगाई हे नाव मी निवडलं, कारण तिथे या तिन्ही गोष्टी भरपूर आहेत आणि एकमेकींना खेटून उभ्या आहेत.

थोडं बाहेर बघू. इंग्लंडमधल्या हजारभर वस्तीच्या खेड्याचा इतिहास लिहायचा असेल तर तिथल्या माणसाचं काम बरंच सोपं असतं. १०८६ साली विल्यम राजानं करासाठी सगळ्या मुलखाची मोजदाद करवली. त्या डूम्सडे बुकात त्या खेड्यात नांगर किती, गिरणी आहे की नाही, हे लिहिलेलं सापडतं. पुढे १५३८ साली हुकूम निघाला की प्रत्येक चर्चनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची. त्यामुळे तिथला निवृत्त शिक्षक चर्चमध्ये बसून चारशे वर्षांची कुळं लावू शकतो. आपल्याकडे अशी एक सलग वही नाही. आपल्याकडे दानाचे शिलालेख आहेत, मठातल्या पोथ्यांची बाडं आहेत, सनदा आहेत, मोडी आणि फारसी कागद आहेत. माहिती आहे, पण विखुरलेली. ती गोळा करायची तर आधी ती कुठे आहे हे गावाला माहीत असावं लागतं.

जागा आणि नावं

अंबाजोगाई बालाघाटच्या डोंगररांगेत आहे. गावातून जयंती नदी वाहते. परळी वैजनाथ इथून साधारण पंचवीस किलोमीटर. ही परळी लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

जुन्या लेखांमध्ये या गावाचं नाव आंबे असं येतं. योगेश्वरीचं बोलीतलं रूप जोगाई, आणि आंब्याची जोगाई म्हणून आंबेजोगाई. आजही बरेच लोक 'अंबेजोगाई' असंच लिहितात. मधल्या काळात, निजामाच्या राज्यात, गावाचं सरकारी नाव होतं मोमिनाबाद. जुन्या नकाशांत आणि इंग्रजी कागदपत्रांत अंबाजोगाई शोधायला गेलात तर सापडणार नाही, मोमिनाबाद शोधा. इथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. इंग्रजांच्या देखरेखीखालची, निजामाच्या खर्चानं चालणारी ही फौज. १९०३ साली ती हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाली आणि तिचं वेगळेपण संपलं.

हे मुद्दाम सांगतो, कारण नाव बदललं की कागद वेगळ्या कपाटात जातो. आंबे या नावानं संस्कृत शिलालेख, अंबाजोगाई या नावानं मराठी संतवाङ्मय, मोमिनाबाद या नावानं उर्दू आणि इंग्रजी दप्तर. एकाच गावाचा इतिहास तीन कपाटांत पडलेला आहे, आणि एका कपाटाची किल्ली असलेला माणूस बहुधा दुसरं उघडत नाही.

सांगितलेलं : योगेश्वरी आणि दगडाचं वऱ्हाड

आता पहिला प्रकार, कथा. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला. जिथे होतं तिथेच वऱ्हाड दगडाचं झालं, आणि देवी कुमारिकाच राहिली. ही कथा गावात लहान मुलालाही ठाऊक असते. 'दगड झालेलं वऱ्हाड कुठे आहे?' असं विचारलं तर तो तुम्हाला हत्तीखान्यात नेतो.

हत्तीखाना म्हणजे जयंतीच्या काठची लेणी. शिवलेणी असंही त्यांना म्हणतात. डोंगराचा कातळ वरून खाली खोदत आणून त्यात मोकळं अंगण काढलेलं आहे. अंगणात नंदीमंडप आहे, मोठे दगडी हत्ती आहेत, आणि आत ओळीनं खांब असलेला मंडप. यातलं काही बाहेरून आणून बसवलेलं नाही. हत्ती आणि अंगण एकाच खडकाचे आहेत. नको असलेला दगड काढून टाकला, हवा होता तेवढा हत्ती ठेवला.

मग कथा खोटी का? असा प्रश्न लगेच येतो. मला तो प्रश्न उपयोगाचा वाटत नाही. कथा लेणी कधी खोदली हे सांगत नाही, पण दुसरं काहीतरी सांगते. खोदणाऱ्यांची आठवण पुसली गेल्यानंतर पुढच्या माणसांसमोर हे हत्ती उभे होते. कोणी केले हे माहीत नाही, आणि इतके हत्ती एका जागी असायला कारण तर हवं. हत्ती कुठे असतात? वऱ्हाडात. वऱ्हाड कोणाचं? शेजारच्या परळीत ज्योतिर्लिंग म्हणून पुजला जाणारा महादेव आहे, इथे देवी आहे. म्हणजे लोकांनी समोरच्या दगडाचं आपल्या परीनं वाचन केलं. शेजारच्या दोन क्षेत्रांचं नातं आणि वेगळेपण, दोन्ही त्या एका टळलेल्या मुहूर्तात बसवलं. कथेचा पुरावा म्हणून उपयोग करायचा तो असा.

योगेश्वरीचं आणखी एक कोडं आहे. ती कोकणातल्या अनेक चित्पावन घराण्यांची कुलदेवता. रत्नागिरीकडची माणसं घाट चढून, पठार ओलांडून कुलाचाराला इथे येतात. मराठवाड्यातली देवी कोकणातल्या कुळांची कशी? परशुरामानं वसवलेल्या कुळांना मुली अंबाजोगाईच्या मिळाल्या, त्यांच्याबरोबर देवी गेली, असं एक उत्तर सांगतात. तेही कथेच्याच खात्यात ठेवू. पण येणंजाणं मात्र खरं आहे. मार्गशीर्षातल्या उत्सवात आणि नवरात्रात ते आजही दिसतं.

लिहिलेलं : खोलेश्वर आणि लक्ष्मी

आता कोरलेल्या अक्षरांकडे येऊ. देवगिरीचा यादव राजा सिंघण, त्याचा सेनापती खोलेश्वर. हा मूळचा विदर्भातला ब्राह्मण. सिंघणासाठी त्यानं माळव्यापासून गुजरातपर्यंत मोहिमा केल्या, आणि आंबे ही त्याच्या कर्तृत्वाची जागा. त्याच्या घराण्याचे लेख इथे आहेत. एक शके ११५० चा, एक शके ११६२ चा. शकात ७८ मिळवले की इसवी सन साधारण मिळतो, म्हणजे १२२८ आणि १२४०. ग. ह. खरे यांच्यासारख्या संशोधकांनी असे लेख वाचून छापले, म्हणून आज आपल्याला ते घरबसल्या वाचता येतात.

शिलालेख वाचताना एक पथ्य पाळायचं. वरचा भाग प्रशस्तीचा असतो. त्यात सेनापती सिंहासारखा असतो, शत्रू पळत असतात, कीर्ती दाही दिशांना गेलेली असते. ती कवीची मजुरी म्हणून सोडून द्या. खालचा भाग मात्र व्यवहाराचा असतो : शक, दान देणारा, देऊळ, देवाच्या पूजेसाठी दिलेली जमीन. त्यात थाप मारून कोणाचा फायदा नसतो, कारण ऐकणारे त्याच गावात राहत असतात. इतिहास बहुतेक वेळा त्या खालच्या ओळींत असतो.

शके ११६२ च्या लेखात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक बाई. खोलेश्वराचा मुलगा राम. तोही सेनापती झाला आणि गुजरातच्या मोहिमेत नर्मदेच्या परिसरात लढताना मारला गेला. त्याची बहीण लक्ष्मी. तिनं भावाच्या आठवणीसाठी आंब्याच्या ब्रह्मपुरीत देऊळ बांधलं. देवाचं नाव ठेवलं रामनारायण. देव नारायण, आणि त्याच्या नावाच्या पुढे भाऊ.

थोडं थांबून विचार करा. तेराव्या शतकातल्या मराठी मुलखातल्या किती बायकांची नावं आपल्याला माहीत आहेत? राण्या वगळा, संतस्त्रिया वगळा. बाकी उरतात किती? इथे एक बहीण आहे. भाऊ परमुलखात मेला, आणि तिनं त्याचं नाव दगडावर लिहून घेतलं. ही कथा नाही, हा शक घातलेला लेख आहे. तरी गावात विचारलं तर योगेश्वरीचं टळलेलं लग्न शंभरातल्या शंभरांना माहीत असतं. लक्ष्मीचं नाव किती जणांना सांगता येईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

त्याच काळातलं सकलेश्वराचं देऊळ. गावात त्याला बाराखांबी म्हणतात. १२२८ च्या लेखाशी जोडलेलं हे यादवकालीन देऊळ. देवाचं नाव मागे पडलं, उरलेले खांब मोजता आले, म्हणून बाराखांबी. २०२४ च्या सुरुवातीला राज्याच्या पुरातत्त्व विभागानं त्या आवारात उत्खनन केलं, तेव्हा मातीखाली आणखी दोन मंदिरांचे पाये मिळाले. म्हणजे आपण बारा खांब मोजत होतो ते एका मोठ्या वास्तुसमूहाचं टोक होतं.

मानलेलं : आद्यकवी मुकुंदराज

आता नाजूक विषय. गावाबाहेर डोंगरउतारावर मुकुंदराजांची समाधी आहे. मुकुंदराज हे 'विवेकसिंधु'चे कर्ते, आणि मराठीचे आद्यकवी म्हणून गावाचा सगळ्यात मोठा अभिमान. 'विवेकसिंधु'त रचनाकाळ शके १११० येतो, म्हणजे ११८८. 'ज्ञानेश्वरी' शके १२१२ ची, म्हणजे १२९०. मुकुंदराज ज्ञानदेवांच्या १०२ वर्षं आधीचे ठरतात.

वाद दोन आहेत. पहिला जागेचा. वैनगंगेच्या काठी विदर्भात आंभोरा आहे. मुकुंदराज तिथले असं तिकडची परंपरा सांगते. ग्रंथातल्या नदीच्या आणि नगरीच्या उल्लेखाचा अर्थ दोन्ही बाजू आपापल्या परीनं लावतात. ग्रंथात जैतपाळ राजाचं नाव येतं. हा देवगिरीचा यादव जैतुगी, की विदर्भातला कोणी स्थानिक राजा, यावरही दोन मतं आहेत. दुसरा वाद काळाचा. 'विवेकसिंधु'ची आज मिळणारी भाषा 'ज्ञानेश्वरी'पेक्षा सोपी, अलीकडची वाटते. आधीच्या ग्रंथाची भाषा नंतरची कशी?

यावर दुसऱ्या बाजूचं उत्तरही ऐकलं पाहिजे. आपल्या हातात मूळ प्रत नसते, नकलेची नक्कल असते. नक्कल करणारा न कळलेला शब्द बदलतो, आपल्या काळचं रूप घालतो. 'ज्ञानेश्वरी'लासुद्धा असे पाठ शिरले होते, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, १५८४ साली, तिची शुद्ध प्रत तयार केली. 'विवेकसिंधु'ला तसा एकनाथ मिळाला नाही. तेव्हा नुसत्या भाषेवरून निकाल देता येत नाही, आणि नुसत्या शकावरूनही नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून 'पहिला' या शब्दाला पुन्हा जोर आलाय. पहिला कवी, पहिला ग्रंथ, पहिला शिलालेख. मी एवढंच म्हणेन की गावाचा मोठेपणा 'पहिला' या शब्दावर टांगू नये. उद्या कुठल्या मठात जुनं बाड निघालं तर तो शब्द हातचा जाईल. मुकुंदराजांचं काम त्यानं कमी होत नाही. अद्वैत वेदान्त तेव्हा संस्कृतात बंद होता. तो मराठी ओवीत, बाजारहाट करणाऱ्या माणसाच्या भाषेत समजावता येतो, हे या ग्रंथानं करून दाखवलं. ते पहिल्यांदा केलं की दुसऱ्यांदा, हे ठरायला वेळ लागला तरी चालेल.

कापडावर : दासोपंतांची पासोडी

लिहिण्यासाठी दगड झाला, पोथी झाली. अंबाजोगाईत तिसरी वस्तूही आहे, कापड. दासोपंत १५५१ साली बिदरकडच्या नारायणपेठेत जन्मले आणि अंबाजोगाईत स्थिरावले. १६१५ साली त्यांनी इथेच देह ठेवला. दत्तभक्त, एकनाथांचे समकालीन. वडील बरीदशाहीत महसुलाचे अधिकारी. दुष्काळात सारा भरता आला नाही, म्हणून मुलाला ओलीस ठेवलं, आणि दत्तानं नोकराच्या रूपात येऊन रक्कम भरली, अशी आख्यायिका आहे. तीही कथेच्या खात्यात ठेवा, पण तिच्यातला दुष्काळ आणि साऱ्याचा तगादा मराठवाड्याला अनोळखी नाही.

त्यांचा 'गीतार्णव' ही गीतेवरची टीका. तिच्या ओव्या परंपरेनं सव्वा लाख मानतात. पण सगळ्यात वेगळी वस्तू म्हणजे पासोडी. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं कापड. तशा सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहिलं. पंचमहाभूतांपासून शरीर आणि जग कसं घडतं हा वेदान्तातला विषय. ओव्या आहेत, आकृत्या आहेत. पोथीत एका वेळी एकच पान दिसतं. कापड पसरलं की सगळी मांडणी एकदम डोळ्यांसमोर येते. आज वर्गात तक्ता टांगतात ना, तसंच. न. शे. पोहनेरकरांनी ही पासोडी वाचून, संपादून लोकांपुढे आणली. थोरलं आणि धाकटं देवघर या दासोपंतांच्या वंशपरंपरेतल्या घरांनी एवढी शतकं हा ठेवा सांभाळला, हे त्या घरांचं मोठं ऋण आहे.

मात्र कापडाचं आयुष्य दगडासारखं नसतं. घडी घातली की घडीच्या रेषेवर धागा तुटतो. ओल लागली की बुरशी येते, शाई पसरते. जुनं लिखित कापड गुंडाळून, कोरड्या जागी, उन्हापासून लांब ठेवावं लागतं. त्यासाठी श्रद्धेबरोबर तंत्रही लागतं.

शाळा

आता जवळचा काळ. १९३५ साली स्वामी रामानंद तीर्थ योगेश्वरी विद्यालयात मुख्याध्यापक म्हणून आले. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. खासगी मराठी शाळा म्हणजे केवळ शाळा नव्हती, ती माणसं घडवायची जागा होती. १९३८ साली सत्याग्रहासाठी स्वामीजी शाळा सोडून बाहेर पडले, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. १७ सप्टेंबर १९४८ ला तो संग्राम संपला. गावातल्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. १९८३ साली व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही याच गावात भरलं.

हा इतिहास तर अगदी काल-परवाचा. तरी त्या काळच्या शाळेच्या हजेरीपटांना, पत्रांना, मोमिनाबादच्या उर्दू कागदांना कोणी सुरक्षित ठेवलं नाही, तर पन्नास वर्षांनी त्याचीही कथाच होईल.

काय करता येईल

शेवटी कामाचं बोलतो. हे फक्त अंबाजोगाईसाठी नाही, तुमच्या गावासाठीही आहे.

एक. गावातल्या प्रत्येक कोरीव दगडाचा फोटो काढा. सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उजेडात, म्हणजे अक्षर उठून दिसतं. जागा आणि तारीख लिहून ठेवा.

दोन. शिलालेखावर ऑइलपेंट, चुना किंवा शेंदूर लागू देऊ नका. भक्तीनं लावलेला थरसुद्धा अक्षर बुजवतो. जीर्णोद्धाराच्या वेळी जुना दगड पायात जाणार नाही, याकडे गावातल्या एका तरी माणसानं उभं राहून लक्ष द्यावं.

तीन. घरात पोथी असेल तर ती द्या असं मी म्हणत नाही. ती तुमची आहे. पण तिची नोंद आणि छायाचित्रण होऊ द्या. २००३ पासून हस्तलिखितांच्या नोंदीचं राष्ट्रीय पातळीवरचं काम चालू आहे. नोंद झाली म्हणजे मालकी जात नाही, आणि उद्या घराला आग लागली तरी मजकूर वाचतो.

चार. शाळेतल्या मुलांना कथा सांगा, जरूर सांगा. पण कथेनंतर त्यांना प्रत्यक्ष दगडापाशी न्या. योगेश्वरीच्या वऱ्हाडाची गोष्ट संपली की रामाच्या बहिणीची सांगा. तिनं भावाचं नाव विसरलं जाऊ नये म्हणून देऊळ बांधलं होतं. जवळजवळ आठशे वर्षं झाली. नाव अजून वाचता येतं, तोवर ते मुलांच्या कानावर पडू द्या.

इथे थांबतो. काही प्रश्न असतील तर आता घेऊ.